विनॅम्प३ लोकांनी का नाकारले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी २००० च्या आसपास कॉम्प्युटरवर गाणी ऐकली, त्यांना गाणी वाजवणारे विनॅम्प हे सॉफ्टवेअर आठवते. आठवते ती बहुधा दुसरी आवृत्ती, नाहीतर पाचवी. मधली तिसरी आली, तिच्यावर गदारोळ झाला आणि दीड वर्षाच्या आत ती बाजूला पडली. लोकांच्या प्रतिक्रियेमुळे एखाद्या सॉफ्टवेअरची दिशाच बदलली, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. म्हणून त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

विनॅम्प३ कधी आले आणि कोणी काढले?

९ ऑगस्ट २००२ रोजी, नलसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने. जस्टिन फ्रँकेलने दिमित्री बोल्दिरेवच्या साथीने एप्रिल १९९७ मध्ये विनॅम्पची पहिली आवृत्ती बाहेर काढली, तेव्हा फ्रँकेल अवघा १८ वर्षांचा होता. एमपी३ फाइल उलगडून आवाजात बदलण्याचे मूळ काम क्रोएशियातल्या तोमिस्लाव उझेलाचच्या एएमपी या डिकोडरवर आधारलेले होते. सप्टेंबर १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि विनॅम्प खऱ्या अर्थाने घरोघरी गेले ते तिच्यामुळे. जून १९९९ मध्ये एओएल या बड्या अमेरिकन इंटरनेट कंपनीने नलसॉफ्ट विकत घेतली.

दुसऱ्या आवृत्तीत असे काय होते की लोक ती सोडायला तयार नव्हते?

तिचे आटोपशीरपण. मुख्य खिडकी फक्त २७५ बाय ११६ पिक्सेलची. ८०० बाय ६०० च्या स्क्रीनवर ती एका कोपऱ्यात बसायची आणि बाकीची जागा कामाला मोकळी राहायची. वरच्या पट्टीवर डबल क्लिक केले की सगळी खिडकी मिटून एक बारीक पट्टी उरायची. कीबोर्डच्या खालच्या ओळीतली झेड, एक्स, सी, व्ही, बी ही पाच बटणे म्हणजे मागचे गाणे, चालू, विराम, बंद, पुढचे गाणे. जे दाबून गाण्याच्या नावातली दोन-तीन अक्षरे टाइप केली की हजार गाण्यांच्या यादीतून हवे ते समोर यायचे. आठवडाभर वापरले की हात माऊसकडे जायचाच नाही.

त्या वेळचे कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणल्याशिवाय याचे मोल कळणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या घरगुती मशीनमध्ये ६४ किंवा १२८ एमबी रॅम असायची, त्यात विंडोज ९८, आणि त्याच मशीनवर मुलांचा अभ्यास, वडिलांची पत्रे आणि भावाचे गेम. गाणे सुरू असताना बाकी काही अडू नये, एवढीच अपेक्षा होती. दुसरी आवृत्ती ती निमूटपणे पूर्ण करायची. सायबर कॅफेतल्या सामायिक मशीनवरही ती भरवशाने चालायची.

शिवाय प्लगइन होते. नवा ध्वनिप्रकार वाजवायचा, आवाजात फेरफार करायचा, गाण्याच्या तालावर स्क्रीनवर आकृत्या नाचवायच्या, या सगळ्यासाठी जगभरातल्या लोकांनी लहान लहान जोड लिहिले होते आणि बहुतेक फुकट दिले होते. स्किनचेही, म्हणजे प्लेअरच्या बाह्य रूपाचेही, तेच. काही बीएमपी चित्रे रंगवायची, झिप करायची, की झाली स्किन. ज्याला पेंट ब्रश वापरता येत होता त्याला विनॅम्पची स्किन करता येत होती.

मग चालते गाडे सोडून सगळे नव्याने का लिहिले?

कारणे खरी होती, आणि मला ती आजही पटतात. दुसऱ्या आवृत्तीची रचना त्या ठरलेल्या चौकटीत घट्ट अडकली होती. स्किन कितीही सुंदर केली तरी बटणांच्या जागा तिथल्या तिथेच. विंडोजबाहेर हे सॉफ्टवेअर नेणे अवघड. म्हणून नलसॉफ्टने वासाबी नावाची नवी बैठक तयार केली. तिच्यात प्लेअरचा प्रत्येक भाग सुटा, हवा तसा बदलता येणारा. स्किन कोणत्याही आकाराची असू शकत होती. तिची मांडणी एक्सएमएलमध्ये लिहायची आणि तिच्या हालचालींसाठी माकी नावाची खास स्क्रिप्टभाषा. लिनक्ससाठीही एक कच्ची आवृत्ती निघाली.

प्रोग्रामरच्या नजरेने पाहिले तर हे काम मोठ्या कल्पकतेचे होते. अडचण एकच की हे सगळे चालवायला लागणारा भार ऐकणाऱ्याच्या मशीनवर पडणार होता.

लोकांची मुख्य तक्रार काय होती?

जड आहे, ही पहिली. प्लेअर उघडायला वेळ लागतो, रॅम जास्त खातो, प्रोसेसरवर ताण देतो, आणि गाणे सुरू ठेवून दुसरे काही करायला गेले की अडखळतो. गाणे तुटणे ही गोष्ट ऐकणारा माफ करत नाही. चित्र क्षणभर थांबले तर नजर दुसरीकडे वळते, पण सुरांच्या मध्येच पडलेला खड्डा थेट कानाला बसतो. मध्येच बंद पडण्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या.

दुसरी तक्रार अधिक बोचरी होती: जे होते ते गेले. दुसऱ्या आवृत्तीची प्लगइन तिसऱ्यात चालत नव्हती. प्लेलिस्टमधल्या सगळ्या गाण्यांचा एकूण वेळ किती, हे सांगण्याची साधी सोयही राहून गेली होती. ही बाब किरकोळ वाटेल. पण दीड तासाची कॅसेट भरायला बसलेल्या माणसाला, किंवा लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतींचा अंदाज घेऊन गाणी लावणाऱ्याला, तो एक आकडाच तर हवा असतो. नव्या आवृत्तीत नवे काय आहे ते कंपनी सांगते. काय नाहीसे झाले ते लोक पहिल्याच दिवशी शोधून काढतात.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा गोंधळाची. आकार वाटेल तसे बदलणाऱ्या स्किनमुळे बटण कुठे असेल याचा नेम राहिला नाही. दुसऱ्या आवृत्तीत शंभर स्किन बदलल्या तरी पॉजचे बटण तिथेच असायचे आणि हाताला ते पाठ असायचे.

लोकांना बदल नकोच असतो. हे तेच नव्हते का?

नाही, आणि या मुद्द्यावर मी ठाम आहे. हेच लोक दुसऱ्या आवृत्तीच्या प्रत्येक लहान सुधारणेची वाट पाहत होते आणि ती येताच उतरवून घेत होते, तेही डायल-अपच्या कुर्मगतीने, टेलिफोनचे बिल वाढत असताना. दर आठवड्याला नवी स्किन लावणारे हेच लोक. त्यांना बदलाचे वावडे असते तर विनॅम्प इतके पसरलेच नसते.

त्यांनी नाकारली ती एक अदलाबदल. आकर्षक रूप घ्या आणि त्याच्या बदल्यात वेग द्या, असा तो सौदा होता. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना रूप आणि रचना महत्त्वाची वाटली. वापरणाऱ्यांच्या लेखी विनॅम्प ही मागे चालू राहणारी गोष्ट होती, टक लावून पाहत बसण्याची नव्हती. तक्रारींचा सूर कडवट होता, काही वेळा अन्यायाचाही होता, पण त्यांचा गाभा अगदी मोजता येण्याजोगा होता: उघडायला इतका वेळ, इतकी रॅम, हे प्लगइन नाही, तो आकडा दिसत नाही. अशी तक्रार करणारा माणूस तुमच्या सॉफ्टवेअरशी जोडलेला असतो. ज्याला काही वाटत नाही तो न बोलता दुसरे काहीतरी बसवून मोकळा होतो.

इंटरनेट रेडिओ चालवणाऱ्यांना याचा फटका बसला, हे खरे का?

खरे आहे. नलसॉफ्टनेच शाउटकास्ट नावाची व्यवस्था काढली होती. तिच्यामुळे घरी बसलेला कोणीही स्वतःचे इंटरनेट रेडिओ स्टेशन चालवू शकत होता. त्यासाठी विनॅम्पमध्ये एक प्लगइन बसवायचे, गाणी लावायची, आणि आवाज सर्व्हरकडे जायचा. हे प्लगइन तिसऱ्या आवृत्तीसाठी कधीच आले नाही. म्हणजे नलसॉफ्टच्या नव्या प्लेअरवर नलसॉफ्टचीच प्रसारणाची सोय चालत नव्हती. स्टेशन चालवणाऱ्यांपुढे दुसऱ्या आवृत्तीवर राहण्यावाचून मार्ग नव्हता. त्यांच्या बाबतीत पसंती-नापसंतीचा प्रश्नच आला नाही.

कोणालाच विनॅम्प३ आवडले नाही का?

आवडले की. स्किन करणाऱ्या चित्रकारांच्या एका मोठ्या गटाला ते मनापासून आवडले. गोल, वळणदार, सरकत उघडणाऱ्या कप्प्यांच्या स्किन तेव्हाच शक्य झाल्या, आणि त्यातली कारागिरी आज पाहिली तरी थक्क व्हायला होते. ज्यांच्याकडे ताकदीचे मशीन होते त्यांना जडपणा फारसा जाणवलाही नाही. या लोकांची बाजू नंतरच्या आठवणींत दबून गेली. विनॅम्प३ फसले, एवढे एक वाक्य उरले आणि त्यासाठी रात्री जागवलेली माणसे मागे राहिली.

नाराज झालेले लोक कुठे गेले?

बहुतेक कुठेच गेले नाहीत. त्यांनी तिसरी काढून टाकली आणि दुसरी पुन्हा बसवली. जुनी आवृत्ती उपलब्ध होती, त्यामुळे हे सहज जमले.

काही जण मात्र खरोखरच दुसरीकडे वळले. डिसेंबर २००२ मध्ये फूबार२००० हा प्लेअर आला. तो लिहिणारे पीटर पाव्लोव्स्की आधी नलसॉफ्टसाठी बाहेरून काम करत होते. दिसायला अगदी साधा, जवळजवळ रुक्ष, आणि चालायला हलका. आवाजाच्या दर्जाबद्दल काटेकोर असलेल्या मंडळींनी तो उचलून धरला, आणि तो आजही चालू आहे. पुढे ऑक्टोबर २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्स विंडोजवर आणले आणि गाणी साठवण्याची, लावण्याची पद्धतच बदलू लागली. लिनक्सवर एक्सएमएमएस होताच. तो हुबेहूब विनॅम्पसारखा दिसायचा आणि विनॅम्प २ च्या स्किनही लावून घ्यायचा.

नलसॉफ्टने लोकांचे ऐकले का?

ऐकले, आणि उशीर न करता ऐकले. तिसरी आवृत्ती बाजारात असताना त्यांनी दुसरीवरचे काम पुन्हा हाती घेतले. २००३ मध्ये २.९ आणि पाठोपाठ २.९१ आल्या. त्यांत व्हिडिओ चालवण्याची सोय आणि गाण्यांचे भांडार नीट लावून ठेवणारी मीडिया लायब्ररी होती. एखादी कंपनी आपल्याच नव्या मालाच्या शेजारी जुन्याला नवी ताकद देते, हे करायला धाडस लागते. त्यात एक न बोललेली कबुली असते, आणि वापरणाऱ्यांना ती बरोबर कळते.

चौथी आवृत्ती का नाही?

दोन अधिक तीन बरोबर पाच. दोन्हींतले चांगले एकत्र केले म्हणून पाच, असे खुद्द नलसॉफ्टनेच सांगितले. विनॅम्प ५ डिसेंबर २००३ मध्ये आले.

पाचव्या आवृत्तीत तिसरीचे नेमके काय उरले?

पाया दुसरीचा. तिसरीचे डोलदार रूप त्यावर एका प्लगइनच्या स्वरूपात आले. जुन्या वाड्याचा चौथरा तसाच ठेवून त्यावर नवा मजला चढवावा, तसे हे काम होते. नवी स्किन निवडली तर ते प्लगइन जागे होते आणि तिसरीची बहुतेक सगळी सजावट समोर येते. जुनी चौकोनी स्किन निवडली तर तो भार येतच नाही, आणि प्लेअर पूर्वीसारखा हलका राहतो. जुनी प्लगइन चालतात, शाउटकास्ट चालते, एकूण वेळ दिसतो.

मला हा उपाय फार सुंदर वाटतो. जो खर्च आधी सगळ्यांवर लादला होता, तो आता ज्याला हवा त्यानेच करायचा. तिसरीतले कष्ट वाया गेले नाहीत आणि दुसरीवर प्रेम करणाऱ्यांना काही सोडावे लागले नाही. दोन भांडणाऱ्या गटांना एकाच खिडकीत जागा मिळाली.

मग पाचवर सगळे खूश झाले?

बहुतेक झाले. पण दोन गट नाराज राहिले. एक, २.९१ हीच शेवटची खरी विनॅम्प म्हणणारे. त्यांना मीडिया लायब्ररी, व्हिडिओ, सीडी बर्न करण्याची सोय यांतले काहीच नको होते. पाचची एक सशुल्क प्रो आवृत्तीही निघाली. सीडीवरची गाणी एमपी३ मध्ये उतरवायची असतील तर ती घ्यावी लागे, आणि फुकटच्या सवयीमुळे त्यावरही कुरकुर झाली.

दुसरा गट अधिक सहानुभूतीला पात्र आहे. ज्यांनी विनॅम्प३ वर विश्वास ठेवून खास त्याच्यासाठी जोड लिहिले होते, त्यांचे जोड पाचवर चालले नाहीत. २००२ मध्ये दुसऱ्या आवृत्तीच्या प्लगइनकारांवर जी वेळ आली, तीच वर्षभराने यांच्यावर आली. नव्याला सर्वात आधी साथ देणाऱ्यांनाच शेवटी किंमत मोजावी लागली, आणि त्यांच्यासाठी कोणी आवाज उठवला नाही, कारण ते संख्येने थोडे होते.

यात एओएलचा हात होता का?

अनेक जण तसे मानतात. मोठ्या कंपनीने छोटी विकत घेतली की पुढच्या प्रत्येक चुकीचे खापर तिच्यावर फुटते. पण वासाबीची कल्पना आणि तिचे वेड हे नलसॉफ्टच्या प्रोग्रामरांचेच होते. एओएल आणि फ्रँकेल यांच्यात खटके उडाले ते वेगळ्या कारणांनी: मार्च २००० मध्ये न्यूटेला आणि २००३ मध्ये वेस्ट, ही फायली देवाणघेवाणीची दोन सॉफ्टवेअर नलसॉफ्टने बाहेर सोडली आणि एओएलने ती लगोलग मागे घ्यायला लावली. जानेवारी २००४ मध्ये, विनॅम्प ५ आल्यानंतर थोड्याच दिवसांत, फ्रँकेलने नोकरी सोडली. नंतर त्याने रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर केले. आज अनेक घरगुती स्टुडिओंत ते वापरले जाते.

नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीशी तुलना मात्र करण्यासारखी आहे. तीही एओएलच्याच मालकीची. तिथेही जुने बाजूला ठेवून सगळे नव्याने लिहिले गेले, चौथीनंतर पाचवी गाळून नोव्हेंबर २००० मध्ये थेट सहावी आवृत्ती आली, आणि लोकांनी जवळजवळ याच शब्दांत तिला नावे ठेवली: जड, अस्थिर, अर्धवट. नेटस्केपला परत फिरायला वाट उरली नव्हती. विनॅम्पला ती होती, कारण दुसरी आवृत्ती जिवंत ठेवली होती.

मराठी गाण्यांची नावे देवनागरीत दिसायची का?

दुसऱ्या आवृत्तीत नाही. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये देवनागरी लिहिता येत होती, पण युनिकोड, म्हणजे जगातल्या लिपींसाठीची सामायिक अक्षर-संकेतपद्धत, न समजणाऱ्या प्रोग्रामना ती वाचता येत नसे. फाइलला देवनागरी नाव दिले तर प्लेलिस्टमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसायची, आणि बऱ्याचदा फाइल उघडायचीच नाही. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक एमपी३ सीडींवर अभंग, नाट्यगीते, लावण्या रोमन लिपीत, जो तो आपल्या मनाच्या स्पेलिंगने लिहायचा. एकाच गाण्याची चार रूपे यादीत असायची. पुढे पाचच्या मालिकेत युनिकोड आले आणि ही अडचण सुटली. विनॅम्प३ च्या वादात मात्र हा प्रश्न कुठे ऐकू आला नाही. ज्यांचा आवाज कंपनीपर्यंत पोचत होता त्यांची अडचण ही नव्हतीच, आणि आपल्याला तर ती अडचण आहे असे म्हणण्याचीही सवय लागली नव्हती. मला वाटते, आपण तेव्हा बोलायला हवे होते.

त्यानंतर विनॅम्पचे काय झाले?

थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये एओएलने महिन्याभरात विनॅम्प बंद करण्याचे जाहीर केले. लोकांनी हळहळ व्यक्त केली, वाचवण्याची मागणी केली, आणि जानेवारी २०१४ मध्ये बेल्जियमच्या रेडिओनॉमीने ते घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५.८ आली, २०२२ मध्ये ५.९. सप्टेंबर २०२४ मध्ये सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ कोड, खुला केला गेला, पण सोबतच्या परवान्यात बदललेली आवृत्ती वाटण्यास मनाई होती, आणि इतरांच्या मालकीचा कोडही त्यात राहून गेला होता. टीका इतकी झाली की ऑक्टोबरमध्ये तो काढून घेतला. याही वेळी लोक रागावले ते त्यांना आस्था होती म्हणूनच.

आज ते जुने रूप पाहायचे असेल तर?

काहीही बसवायची गरज नाही. जॉर्डन एल्ड्रेज यांनी वेबॅम्प नावाने विनॅम्प २ ब्राउझरमध्ये पुन्हा उभे केले आहे. ते गाणी वाजवते आणि स्किनही बदलते. त्यांच्याच विनॅम्प स्किन म्युझियममध्ये हजारो जुन्या स्किन शोधता येतात. तुमच्या जुन्या सीडीवर डब्ल्यूएसझेड प्रकारची फाइल सापडली तर ती वेबॅम्पवर ओढून टाका, लगेच लागेल. तिसऱ्या आवृत्तीच्या स्किन डब्ल्यूएएल प्रकारच्या असतात. त्यांच्यासाठी विंडोजवर विनॅम्प ५ बसवणे हा सरळ मार्ग.